भुऱ्याचे तळवे

२४ एप्रिल

आज दवाखान्यात कुत्रा आला. इथे रुजू होऊन आठ महिने झाले. गाई-म्हशी, शेळ्या, एकदा तर उंटही तपासला, पण स्वतःचा कुत्रा घेऊन उपचाराला कोणी आलं नव्हतं. घोंगडीत घालून खांद्यावर आणला होता. आणणारे आप्पा, मेंढपाळ, साठीच्या आसपास. सोबत त्यांची बायको सुंदरबाई. सध्या त्यांची मेंढरं महामार्गापलीकडे बबनरावांच्या मोकळ्या रानात बसवली आहेत. रानाला खत होतं, बदल्यात बबनराव ज्वारी देतात.

कुत्र्याचं नाव भुऱ्या. नर, चार वर्षांचा, उंच, सडपातळ. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा, दृष्ट लागू नये म्हणून. ताप नाही. पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्या भेगाळल्या आहेत. डाव्या पंजाची मोठी गादी खोलवर चिरली आहे, आत बारीक खडी आणि डांबर. मागच्या उजव्या पंजालाही सुरुवात झाली आहे.

कारण सरळ आहे. मेंढरं पाण्याला भर दुपारी नव्या रस्त्यावरून पुलाखालच्या डबक्याकडे नेतात. मेंढीला खूर असतात. कुत्र्याला नसतात.

आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्या बापाची कुत्री बी अनवाणीच फिरली की ओ."

"तेव्हा डांबर नव्हतं."

"डांबर न्हवतं, डाक्टर बी न्हवते. कुत्री मातर व्हती."

"गप ऱ्हावा जरा," सुंदरबाई म्हणाल्या. "खांद्यावर आणताना लई गोड बोलत व्हता त्याच्यासंगं."

गोड्या तेलाने डांबर सैल केलं, ते निघून आलं. मग सलाईनने धुणं, सुटलेली कातडी कापणं, आयोडीन, मलम, पट्टी. भुऱ्या एकदाही गुरगुरला नाही. नुसता थरथरत होता. सुंदरबाईंनी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. त्यांच्या स्वतःच्या टाचांनाही भेगा आहेत आणि त्या भेगांत काळं काही भरलेलं दिसलं. डांबरच असणार.

सूचना दिल्या. उन्हाच्या वेळी डांबरावरून नेऊ नका. आधी हाताची मागची बाजू रस्त्याला लावून बघा, तुम्हाला धरवत नसेल तर त्यालाही चालवत नाही. पट्टी ओली होऊ देऊ नका. चाटू देऊ नका. मलम दोनदा लावा. मलम संपलं तर घरात असेल ते तेल लावा, पण गादी कोरडी पडू देऊ नका. सुंदरबाईंनी एकेक सूचना परत म्हणून दाखवली. आप्पा दाराबाहेर तंबाखू मळत होते.

जाताना सुंदरबाई म्हणाल्या, "औंदा कोकरं लई हायत बाई. ह्यो उभा ऱ्हायला न्हाई तर लांडगा एक बी ठेवत न्हाई."

रेबीजची लस द्यायची होती. साठा संपला आहे. मागणी पाठवली.

२७ एप्रिल

पट्टी बदलायला रानात गेले. घरभेट माझ्या कामात बसते. भेगांच्या कडा स्वच्छ आहेत, पू नाही. आहार विचारला तर भाकरी आणि ताक. चौसाळ्यातून जाताना अंडी घेतली होती, प्रथिनांसाठी. ती सुंदरबाईंकडे दिली.

त्यांनी जुन्या जीन पँटचे चार पायमोजे शिवले आहेत, घोट्यापाशी नाडी. कापड जाड आहे, हवा लागते, रबरासारखं तापत नाही. मी सांगितलं नव्हतं. चांगली कल्पना आहे, असं त्यांना म्हणाले.

बबनराव मोटारसायकलवरून आले. भुऱ्याचे पाय बघून हसले. "आप्पा, ह्याला आता टाय बी बांधा. जिल्हा परिषदेला उभा करू."

"निवडून येईल," आप्पा म्हणाले. "खातो कमी, राखतो जास्त."

बबनरावांना ते फार आवडलं नाही.

४ मे

आठवडाभर गेवराईकडच्या लसीकरण शिबिरात होते. आज संध्याकाळी परतताना रानात थांबले.

राग आला. गाद्या काळ्याकुट्ट. भेगांत काळं भरलेलं, कडेची कातडी लाल, सुजलेली. पट्टी नाही. मलम दोन दिवसांपूर्वीच संपलं, असं सुंदरबाई म्हणाल्या. मी विचारलं, पुन्हा डांबरावर नेलं का? आप्पांनी शपथ घेतली की नाही नेलं, मेंढरं आता पहाटेच पाण्याला नेतो. माझा विश्वास बसला नाही. समोर दिसतंय ते दिसतंय, असं मी म्हणाले. सुंदरबाई काही बोलणार होत्या, पण मी बोलत होते.

हातमोज्यांचा डबा शिबिरात संपला होता. तसंच काम केलं. गोड्या तेलाने पुसलं, पण या वेळी डांबर निघालं नाही. खरं तर निघायला हवं होतं. वेळ कमी होता, वरून मलम लावून पट्टी बांधली. भुऱ्या अस्वस्थ होता, सारखा पाय तोंडात घेत होता. पट्टी बांधताना माझं मनगट चाटलं त्याने. तिथे बाभळीच्या काट्याचा ताजा ओरखडा आहे.

मलमाच्या दोन ट्यूब देऊन आले.

५ मे

सकाळी आप्पांचा फोन. भुऱ्या तोंडातून लाळ गाळतो आहे, पाणी पीत नाही, आणि बबनरावांना चावला.

पोचले तेव्हा त्याला लिंबाला दुहेरी साखळीने बांधलं होतं. लाळ घट्ट, दोरीसारखी. जबडा अर्धवट उघडा. आवाज घोगरा. सुंदरबाईंनी लांबून पाण्याची लोखंडी पाटी सरकवली. त्याने तोंड लावलं आणि किंचाळून मागे झाला. जमलेल्या माणसांत कोणीतरी म्हणालं, "बघा, पाण्याला भेतंय." मग सगळेच बोलायला लागले.

बबनरावांच्या पोटरीवर दोन दात उमटले आहेत. काठीने हुसकायला गेले होते. मी त्यांना साबणाने जखम धुवायला लावली आणि ताबडतोब इंजेक्शन घ्यायला जा म्हणाले. ते जागचे हलले नाहीत.

"म्याडम, तुमी शिकलेल्या हायत. फेस गळतोय, पाणी बघून वरडतंय. आनखी काय पाह्यजे? पिसाळलंय, एवढं एक तोंडानं म्हणा. पुढचं पोरं बघतील."

"तपासल्याशिवाय म्हणणार नाही."

"मंग तपासा की."

तपासता येत नाही. जिवंत कुत्र्यात रेबीजचं खात्रीचं निदान होत नाही. बांधून ठेवायचा आणि वाट बघायची. असेल तर दहा दिवसांत मरतो. मारला तर मेंदू प्रयोगशाळेत पाठवायचा. हे मी सांगितलं. दहा दिवस हा आकडा ऐकून कोणीतरी शिवी दिली.

आप्पा एका बाजूला उभे होते. ते हात जोडत नव्हते, रडतही नव्हते. म्हणाले, "बबनराव, माझी तीस कोकरं हायत. ह्यो गेला तर ती बी गेली, असं धरा. उद्यापोतर थांबा."

उद्या सकाळपर्यंत, असं ठरलं. तोवर त्याच्याजवळ कोणी जाणार नाही, मेंढरं दुसऱ्या कोपऱ्यात. बबनराव जाताना म्हणाले, "सकाळी तुमच्या म्हणण्याची वाट बघणार न्हाई."

मी तिथून सरळ ग्रामीण रुग्णालयात गेले. शिकत असताना तीन डोस झालेले आहेत, त्यामुळे मला दोनच बूस्टर. आज पहिला, दुसरा आठ तारखेला. ओरखडा पुन्हा धुतला. धोका कमी आहे. कमी म्हणजे शून्य नाही.

अम्मीचा फोन आला. जेवलीस का विचारलं, मी हो म्हणाले. बाकी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही ठरलेलंच नाही.

लक्षणं पुन्हा लिहून पाहिली: लाळ, गिळता न येणं, आवाज बदलणं, चावणं. चारही जुळतात. लस झालेली नाही. उद्या मला "पिसाळला आहे" म्हणावं लागेल असं वाटतं.

६ मे

हे सविस्तर लिहून ठेवते.

सकाळी तोंड धुताना मनगटाला पाणी लागलं आणि आग झाली. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक फोडांची रांग, मधे काळसर रेघ. आधी वाटलं इंजेक्शनची ॲलर्जी. पण इंजेक्शन डाव्या दंडात घेतलं, फोड उजव्या मनगटावर. मग वाटलं घामोळं. घामोळं रांगेत येत नाही.

आरशासमोर तशीच उभी राहिले. डांबर तेलाने निघतं. चोवीस तारखेला निघालं होतं, चार तारखेला निघालं नाही. म्हणजे चार तारखेला ते डांबर नव्हतं. काळं, न निघणारं, कातडीवर फोड आणणारं. भुऱ्याच्या गळ्यात ते मी स्वतः पाहिलं होतं. सुंदरबाईंच्या टाचांतही तेच होतं. भेगा पडल्या की बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि गळणारं तेल भेगेत सोडायचं. आमच्या मोमिनपुऱ्यातल्या बायकासुद्धा करतात. माणूस पाय चाटत नाही. कुत्रा चाटतो.

दवाखान्यात पोचताच परिचर उत्तरेश्वर यांना मनगट दाखवलं. काही न सांगता. त्यांनी चष्मा वर केला. "बिब्बा उतलाय ओ म्याडम. कोणाची दृष्ट काढायला गेलता?"

मोटारसायकल त्यांनी चालवली. मी मागे औषधाची पेटी आणि फास असलेली काठी धरून बसले. रानात सात-आठ जण होते. दोघांच्या हातात पहार, एकाकडे दोर. बबनराव पायाला पट्टी बांधून खाटेवर बसले होते. आप्पा झाडापुढे उभे होते आणि त्यांना बाजूला व्हा म्हणून दोघं समजावत होते.

मी सरळ बबनरावांपुढे हात धरला. "हे काय आहे?"

ते जरा मागे सरकले. मग वाकून पाहिलं. "बिब्बा उतलाय."

"परवा मी या कुत्र्याच्या पायाला हात लावला. दुसरं कशाला लावला नाही."

फास घालून भुऱ्याचं डोकं धरलं. उत्तरेश्वर यांनी मोजे घालून लाकडाच्या तुकड्याने जबडा उघडा ठेवला. जिभेच्या कडेला, ओठांच्या आत फोड, काही फुटलेले, काठ काळे. बबनरावांना बोलावलं. ते खाटेवरून उठून आले आणि चार पावलांवरून बघितलं. भाजलेलं तोंड त्यांनाही ओळखू आलं.

मग मी सुंदरबाईंना विचारलं, सगळ्यांसमोरच. दुसरा मार्ग नव्हता. "सुंदरबाई, भुऱ्याच्या पायाला बिब्बा लावला का?"

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"व्हय," म्हणाल्या. "लावला."

आप्पा त्यांच्याकडे वळले. "कावून लावला गं? तुला कोणी सांगितलं व्हतं?"

त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आधार शोधत असाव्यात. मी मान हलवली, की घाबरू नका, सांगा.

"कोणी न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्याच मनानं लावला."

"काल इथं सगळे पिसाळलं पिसाळलं म्हणत व्हते, तवा तोंड शिवलं व्हतं का तुझं?" आप्पा ओरडले. "जनावर मराया लागलं आन् ही गप! अडाणी ती अडाणीच." एक-दोघं हसले. सुंदरबाई खाली बसल्या आणि पदराने जमिनीवरची लाळ पुसायला लागल्या. मी त्यांना ओरडून थांबवलं.

बबनराव म्हणाले, "म्हंजे पिसाळलं न्हाई. खात्री हाय का म्याडम तुमची?"

"हो. खात्री आहे."

"चावलं कोणाला तर?"

"मी घेऊन जाते. दवाखान्याच्या मागे जाळीच्या दाराची खोली आहे. दहा दिवस माझ्या ताब्यात राहील. तुम्ही तुमची इंजेक्शनं पूर्ण करा."

"खात्री हाय तर इंजेक्शन कशाला?"

"नियम आहे," मी म्हणाले.

नियम खरा आहे. खात्री नव्हती. पायाला बिब्बा लावलेला कुत्रा पिसाळलेलाही असू शकतो. एक गोष्ट सिद्ध झाली म्हणून दुसरी खोडली जात नाही. हे मला काल रात्रीइतकंच आता माहीत आहे. तरी ते वाक्य मी न अडखळता म्हणाले. असं मी आधी कधी केलेलं नाही.

७ मे

वेदनाशामक, सलाईन. पाय साबणाने तीनदा धुऊन भाजल्यावरचं मलम लावलं. तळ कापलेली प्लास्टिकची बादली गळ्यात घातली आहे, पायापर्यंत तोंड पोचू नये म्हणून. उत्तरेश्वर म्हणतात लाऊडस्पीकर दिसतो.

काही गिळलेलं नाही.

८ मे

लाळ तशीच. दुसरा बूस्टर घेतला. ताक ठेवलं, बघितलंही नाही.

बबनरावांकडून माणूस आला होता. "मेलं का, विचारलंय." नाही म्हणून सांगा, असं मी म्हणाले.

सुंदरबाई आल्या होत्या. जाळीपासून लांब उभ्या राहिल्या. मी त्यांना बिब्ब्याचे धोके समजावले, सावकाश, शक्य तितक्या सोप्या शब्दांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचा हात बरा हाय का?" मी हात मागे घेतला. बरा आहे म्हणाले.

९ मे

सकाळी मी दार उघडलं तर तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला. हाक मारली, वळला नाही. पुन्हा मारली. नाही. रेबीजमध्ये पक्षाघात मागच्या पायांपासून सुरू होऊ शकतो. मी जाळीच्या बाहेर उभी राहून त्याचे मागचे पाय बघत होते, किती वेळ ते माहीत नाही.

दुपारी उत्तरेश्वर यांनी डबा उघडला आणि तो उठून उभा राहिला. लंगडत दारापर्यंत आला. घट्ट लाळ नव्हती.

सकाळी तो फक्त झोपेत होता, किंवा रागावला होता. कुत्रे रागावतात का, याबद्दल पाठ्यपुस्तकात काही नाही.

१० मे

ताक प्यायला. सगळं. मग पाटी उलटी केली.

मी अम्मीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, अंघोळ करून मग घरी ये, कपडे बाहेरच ठेव. आणि लगेच, "खाया क्या उनें कुछ?" ती भुऱ्याबद्दल विचारते आहे हे कळायला मला एक क्षण लागला.

१५ मे

दहा दिवस झाले. भुऱ्या जिवंत आहे. कुस्करलेली भाकरी आणि अंडं खातो. जिभेवरचे फोड भरले. गाद्यांची जुनी काळी कातडी सोलून निघाली, खालची गुलाबी, पातळ आहे. आज रेबीजची लस आली, ती दिली.

बबनराव स्वतः आले. जाळीतून बघितलं. भुऱ्याने त्यांना ओळखलं आणि गुरगुरला.

"माजं इंजेक्शन फुकट गेलं म्हणायचं," ते म्हणाले.

"फुकट जाणंच चांगलं."

"तुमी लई शुअर व्हता त्या दिवशी," जाताना म्हणाले. "आपल्याला आसं खात्रीनं बोलणारं माणूस आवडतं."

मी वहीत लसीची नोंद केली.

१७ मे

भुऱ्याला रानात पोचवला. जीनचे मोजे घालूनच उतरवला. कोकरं त्याच्याकडे धावली, तो त्यांच्यामधून दोन फेऱ्या मारून आला आणि सुंदरबाईंच्या पायाशी पडला. आप्पा मेंढरांमागे होते, तिथूनच ओरडले, "बाई, त्या मलमाचं मला सांगा, तिला सांगू नका. ती आनखी कायतरी लावील." पुढे कोणाशी तरी हसून बोलले. गेले अकरा दिवस हेच चाललं असावं. सुंदरबाईंनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मी त्यांच्याजवळ बसून पाय दाखवले. नवी कातडी नाजूक आहे, अजून महिनाभर डांबर नाही. फार ओलंही ठेवायचं नाही, भिजून मऊ पडलेली गादी पुन्हा फाटते. मलम दोनदा.

"आन् मलम संपलं तर?" त्यांनी विचारलं.

"संपलं तर घरात असेल ते..."

मी थांबले.

सुंदरबाई भुऱ्याच्या पंजाची नाडी बांधत होत्या. वर बघितलं नाही. "बोला की बाई. तेल म्हणणार व्हता."

घरात गोडं तेल नव्हतं, त्यांनी सांगितलं. संपलं होतं. बिब्बे होते. बिब्ब्याचं तेलच असतं. त्यांच्या स्वतःच्या भेगा त्यानेच भरतात.

चोवीस तारखेचं पान मी आता, हे लिहिताना, उघडून पाहिलं. वाक्य तिथेच आहे, माझ्याच अक्षरात.

"तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात?" मी विचारलं. "सगळ्यांसमोर. मीच सांगितलं होतं, असं."

"आन् मंग?" त्या म्हणाल्या. "डाक्टरचंच चुकलं म्हणल्यावर तुमची खात्री कोण ऐकलं आसतं? पहार घेऊन हुभे व्हते ते." गाठ घट्ट करून त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुमी माजी बाजू घेताय का, ते बघितलं मी दोनदा. मंग म्हणलं, जाऊ दे. आदी कुत्रं."

भुऱ्या माझ्या मनगटावरचा नवा डाग हुंगत होता. मी हात काढला नाही.

"खोबरेल," मी म्हणाले. "फक्त खोबरेल. दुसरं कोणतंही नाही."

"आता कसं बोललात."

बांधावरून आप्पांचं हसणं पुन्हा ऐकू आलं. त्यांच्याबरोबर बबनराव होते, आणखी दोघं. त्या दिवशीचेच. मी उठले, हात पुसले आणि तिथूनच हाक मारली. "आप्पा, इकडे या. सगळेच या. मला काही सांगायचं आहे."